अंबागडची वाट आणि नावांची वही

आपल्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात डोंगर म्हटला की सह्याद्री आणि गड म्हटला की रायगड, तोरणा, प्रतापगड. ते वाचूनच आपण मोठे झालो आणि त्याचा अभिमानही बाळगला. पण कोंढ्याच्या वर्गात बसून डोळ्यांपुढे आणायला आपल्याकडे काय होते? धानाच्या बांध्या, बोड्या, तलाव आणि पूर आला की गावात शिरणारी वैनगंगा. आपला जिल्हा तलावांचा. आपल्याकडे गड नाहीत, म्हणून आपल्याकडे इतिहासही नाही, असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटत असे. हा समज एका दिवसाच्या सहलीने मोडला. त्या दिवशी जे कानावर पडले त्याचा अर्थ पुढे अनेक वर्षांनी उलगडत गेला. म्हणून या स्मरणिकेसाठी काही लिही असे मित्रांनी सांगितले, तेव्हा मी हाच विषय घेतला.

आधी गडाविषयी. अंबागड हा आपल्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तुमसरपासून सुमारे १३ किलोमीटरवर, सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकड्यांत उभा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस, १६९० ते १७०० च्या सुमारास, राजाखान पठाण याने तो बांधला. राजाखान हा देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा सुभेदार. देवगड आज मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे. बख्त बुलंद हा मोठा हिकमती राजा. घरच्या भाऊबंदकीत राज्य गेले तेव्हा तो औरंगजेबाच्या दरबारी गेला, त्याने इस्लाम स्वीकारला, बख्त बुलंद हा किताब मिळवला आणि परत येऊन आपले राज्य वाढवले. बारा खेडी एकत्र करून १७०२ मध्ये त्यानेच नागपूर वसवले. म्हणजे ज्या नागपूरला आपण दवाखान्यापासून नोकरीपर्यंत सगळ्यासाठी धाव घेतो, त्या शहराचा आणि अंबागडचा धनी एकच आणि काळही एकच.

हे सगळे आम्हाला गडाच्या चढावरच कळले. नववीचे वर्ष होते. होळीच्या आधीचा रविवार, २८ फेब्रुवारी १९८८. एस.टी.ची प्रासंगिक कराराची गाडी पहाटे शाळेपुढे लागली. वर्गणी परवडत नव्हती अशा चौघापाच जणांचे पैसे कोणी भरले हे त्या वेळी कळले नाही. पुढे कळले की गुरुजनांनीच आपसात वाटून घेतले होते. अड्याळ, पहेला करत भंडारा, तिथून मोहाडी आणि तुमसर. आमच्यातल्या निम्म्या मुलामुलींनी तोवर तुमसर पाहिले नव्हते. जिल्हा एवढा लांब आहे हेच नवल होते. तेव्हा गोंदियाही आपल्याच जिल्ह्यात होते. तो वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ ला.

शिवरात्र होऊन बारा दिवस झाले होते. थंडी गेली होती आणि ऊन अजून चावत नव्हते. तुमसरच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस पेटला होता. लाखोळी उपटून बांध्यांत सुकायला टाकली होती. मोहाची पाने गळू लागली होती, पण फुले पडायला अजून अवकाश होता. पायथ्याच्या गावातून एक म्हातारे बाबा वाट दाखवायला आले. हातात कुऱ्हाड, पायात टायरच्या चपला. सागाची वाळलेली पाने वाटेवर घोट्यापर्यंत साचली होती. चाळीसएक पोरे त्यातून चालू लागली की असा आवाज होई की पुढच्याचे बोलणे मागच्याला ऐकू येत नसे. बाबा थांबून म्हणाले, "पोरायहो, हळू चाला. पानाखाली गोटा हाय का साप हाय, दिसत नाही." त्यानंतर मुली पुढे आणि मुले मागे, अशी रांग आपोआप लागली, कारण मुलींनी बाबांचे ऐकले होते.

वाटेत जंगल खात्याने जाळलेला एक लांब काळा पट्टा लागला. ती जाळरेषा. उन्हाळ्यातला वणवा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून फाल्गुनातच पालापाचोळा जाळून असा पट्टा मोकळा करून ठेवतात. विज्ञानाच्या सरांनी तिथे थांबवून दहा मिनिटे समजावून सांगितले. इतिहासाचे सर हसून म्हणाले, "गडाचंही काम हेच असते. तिकडची आग इकडे येऊ नये." त्या एका वाक्यात गडाची जागा समजली. उत्तरेला सातपुड्याचे डोंगर आणि त्यापलीकडे देवगड, सिवनीचा मुलूख. दक्षिणेला वैनगंगेचे सपाट, पिकाऊ खोरे. ज्याला या खोऱ्यातला धान हवा, त्याला या टेकडीवर माणूस बसवावाच लागणार.

वर पोहोचलो. दरवाजा, बुरूज, तटाचे दगड, त्यांतून उगवलेली झाडे. खाली नजर टाकली तर तलावांची पाणी उन्हात चमकत होती. आम्ही सुवाऱ्या आणि वांग्या-बटाट्याची कोरडी भाजी सोडली आणि तटाच्या सावलीत बसून खाल्ली. जेवण झाल्यावर सरांनी पुढचा इतिहास सांगितला.

बख्त बुलंदनंतर चांद सुलतान गादीवर आला. त्याच्या मृत्यूनंतर वारसांत भांडणे लागली. राणीने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले. मदतीला आलेले रघूजी १७४३ च्या सुमारास नागपूरचे धनी झाले आणि गोंड राजा नावापुरता उरला. पण आपल्या जिल्ह्यातला एक किल्ला तेवढ्याने वाकला नाही. साकोलीजवळच्या सानगडीला राजाखानाच्याच घराण्यातला मुहंमद खान होता. त्याने जुन्या धन्याशी इमान राखून तीन वर्षे किल्ला लढवला. शेवटी रघूजींनीच त्याच्या निष्ठेची कदर करून, किल्ला सोडल्यास सिवनीचा मुलूख देऊ, असे कबूल केले आणि त्याला दिवाण केले. सिवनीचे दिवाण घराणे ते हेच. गोंड राजा, त्याचा पठाण सुभेदार, त्यावर मराठा सरदार, आणि या सगळ्यांना धान पिकवून देणारे आपले कुणबी, कोहळी, पोवार, गोवारी, महार, ढिवर. आपला इतिहास असा आहे. एका रंगाचा तो कधीच नव्हता.

भोसल्यांच्या काळात अंबागडचा उपयोग तुरुंग म्हणून झाला. सीताबर्डीची लढाई १८१७ च्या नोव्हेंबरात झाली आणि भोसल्यांचे बळ तिथेच मोडले. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघूजी वारले. त्यांना मुलगा नव्हता एवढे कारण पुढे करून डलहौसीने राज्य खालसा केले. इंग्रजांना या टेकडीवर फौज ठेवण्याचे कारण उरले नाही. त्यांचे लक्ष पुढे या डोंगरांच्या पोटाकडे गेले. १९०० च्या सुमारास मध्य प्रांतात मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या आणि तुमसर तालुक्यातल्या चिखला, डोंगरी बुजुर्गच्या खाणी त्याच पट्ट्यातल्या. टॉर्चमध्ये आपण जे सेल घालत होतो, त्यातली काळी भुकटी म्हणजे मँगनीजच, आणि डोंगरी बुजुर्गचा माल त्या कामासाठी प्रसिद्ध, हे सरांनी सांगितले तेव्हा एकाने खिशातला टॉर्च काढून सगळ्यांना दाखवला.

मग आम्ही विहिरीपाशी गेलो. इंग्रजी राजवटीतल्या भंडारा गॅझेटियरात या विहिरीविषयी लिहिले आहे. गडावर ठेवलेल्या कैद्यांना आतल्या विहिरीचे साचलेले, विषारी पाणी प्यायला लावत आणि ते त्याने मरत, असा त्याचा आशय. सरांनी तो सांगितला आणि लगेच एक गोष्ट बजावली. गॅझेटियर लिहिणारा साहेब ज्यांच्या राज्याबद्दल लिहीत होता, त्यांचे राज्य त्याच्याच लोकांनी घेतले होते. तेव्हा हे वाक्य वाचताना लिहिणारा कोण, हे आधी पाहायचे. पण त्यावरून ते खोटेच, असेही म्हणायचे नाही. बाबांना विचारले तर ते म्हणाले, "आमचे बुढे सांगत होते. थे पाणी कोनी पेत नाही जी." म्हणजे कागदाला गावच्या आठवणीची जोड होती.

त्या वेळी नदीकाठच्या गावातून सायकलने शाळेत येणाऱ्या आपल्या एका मित्राने प्रश्न केला. तो वर्गात फारसे बोलत नसे. त्याने विचारले, "सर, राजाखानचं नाव हाय, रघूजीचं हाय. जे मेले त्यायचे नावं कोठी लिवून हायेत?"

सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नाहीत. त्यांच्याजवळ लिहिणारा नव्हता. गड ज्याचा, कारकून त्याचा." आणि मग त्यांनी आम्हाला परत आपल्या तालुक्यात आणले. पवनीला १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीखाली बौद्ध स्तूप निघाला, दोन हजार वर्षांहून जुना. त्या स्तूपाच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत लहान लहान लेख आहेत. ते राजांचे नाहीत. ज्यांनी दगडाचे दान दिले, त्या साध्या माणसांची नावे त्यांत आहेत, आणि त्यांत बायाही आहेत. सर म्हणाले, "पाहा, आपल्याच मातीत दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईचं नाव राहिलं आणि अडीचशे वर्षांपूर्वीच्या कैद्याचं राहिलं नाही. नाव टिकतं ते कोणीतरी लिहितं म्हणून. काळ जुना का नवा, याला महत्त्व नाही."

उतरताना कोणी फारसे बोलले नाही, असे मी लिहिले तर ते खोटे ठरेल. आम्ही धावत, घसरत, पळसाच्या फुलांचा रंग एकमेकांच्या शर्टांना फासत उतरलो. परतीच्या गाडीत भंडाऱ्यापर्यंत भेंड्या चालल्या. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना विहीर आणि कैदी एका संध्याकाळपुरतेही आठवत नाहीत.

पण त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते. २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधी आपल्या पवनी तालुक्यात आले आणि वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन झाले. तेव्हाचा अंदाजी खर्च ३७२ कोटी रुपये. धरणाला इंदिरा गांधींचे नाव. त्याखाली अडीच लाख हेक्टर भिजणार, दुष्काळ हटणार, असे सांगितले गेले, आणि ती आशा खोटी नव्हती. कालव्याचे पाणी ज्यांच्या बांधीत पोहोचले, त्यांची धानाची आणि उन्हाळी पिकाची गोष्ट वेगळी आहे, ती आपल्यातलेच काही जण सांगतील. पण ३३ दरवाजांची ती भिंत पुरी व्हायला आणि पाणी अडायला वर्षांमागून वर्षे गेली. त्या वर्षांत नदीकाठची गावे एकेक करून उठली. गडावर प्रश्न विचारणाऱ्या मित्राचे गावही त्यात गेले. आज तिथे पाणी आहे.

मी पुढे तलाठी झालो. दप्तर सांभाळणे हाच माझा धंदा. त्यामुळे गाव कागदावर कसे उतरते हे मला ठाऊक आहे. सातबारा असतो, आठ अ असतो, नकाशा असतो. आपल्या पूर्व विदर्भात त्याशिवाय निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज असतात. सरपण कोठून आणायचे, गुरे कोठे चारायची, मढे कोठे जाळायचे किंवा पुरायचे, मासोळी कोठे धरायची, वाट कोणाच्या शेतातून जाते, हे गावाचे रीतीचे हक्क त्यांत लिहिलेले असतात. जुन्या मालगुजारीच्या दिवसांपासून चालत आलेली ही चांगली पद्धत आहे. बुडालेल्या गावांचेही हे कागद आहेत. किती घरे, किती झाडे, किती विहिरी, मोबदला किती, सगळे क्रमांकासह आहे.

पण त्या दप्तरात काही गोष्टी नाहीत. नदीवर बाया ज्या घाटावर धुणे धूत त्याचे नाव नाही. पोळ्याचे तोरण कोणत्या झाडाला बांधत ते झाड मोबदल्याच्या यादीत "आंबा, एक" एवढेच आहे. दंडार कोणाच्या अंगणात होई, दिवाळीनंतरच्या मंडईला नाटकात बाईचे काम कोण करी, ढिवरांच्या डोंग्याला पुराच्या रात्री कोणी किती फेऱ्या मारल्या, हे कोठेही नाही. ज्या बांधीला "भुताची बांधी" म्हणत, ती कागदावर गट क्रमांक होऊन राहिली आणि आता गट क्रमांकही पाण्याखाली आहे.

पुनर्वसनाच्या गावात तो मित्र मला भेटतो. घर पक्के आहे, रस्ता सरळ आहे. त्याचा नातू शाळेत जातो. मागच्या वर्षी त्याने मला सांगितले की नातवाने गावाचा नकाशा काढून आणायला सांगितला होता, तेव्हा त्याने जुन्या गावाचा काढला. शाळेत तो चुकीचा ठरला, कारण वहीवर नाव नव्या गावाचे होते. तो हे हसत सांगत होता, पण मला अंबागडची विहीर आठवली. कैद्यांजवळ लिहिणारा नव्हता. आपल्याजवळ आहे. आपल्या बॅचमध्ये शिक्षक आहेत, तलाठी आहेत, ग्रामसेवक आहेत, दोन वकील आहेत, एक जण वर्तमानपत्रात आहे. आपण सगळे ज्या गुरुजनांनी लिहायला शिकवले, त्यांच्या हाताखालून गेलो. आपल्यानंतर कोणी असे म्हणाले की या लोकांची नावे राहिली नाहीत, तर त्या वेळी लिहिणारा नव्हता, हे उत्तर आपल्याला देता येणार नाही.

म्हणून मित्रहो, या स्नेहसंमेलनात एक काम करावे असे मी सुचवतो. सत्काराच्या टेबलाशेजारी एक जाड वही ठेवू. १९८९ च्या दहावीच्या बॅचमधल्या प्रत्येकाने, विशेषतः नदीकाठाहून आलेल्यांनी, आपापल्या जुन्या गावाचे एक पान लिहावे. वर गावाचे नाव. खाली घाटांची, वाटांची, बांध्यांची, झाडांची, देवांची नावे. मग माणसांची, जेवढी आठवतील तेवढी. जात, पैसा, मानपान न पाहता. ज्याने वेठ केली त्याचेही आणि ज्याने वाडा बांधला त्याचेही. शुद्धलेखनाची चिंता करू नये. आपल्या झाडीबोलीत लिहिले तर उत्तमच, कारण त्या जागांची नावे त्याच बोलीत आहेत. ज्यांना आता दिसत नाही किंवा हात थरथरतो, त्यांनी सांगावे, शेजारच्याने लिहावे. जे मित्र आणि मैत्रिणी आज आपल्यात नाहीत, त्यांचे पान त्यांच्या बाकावर बसणाऱ्याने लिहावे.

वहीच्या तीन प्रती काढू. एक शाळेच्या ग्रंथालयात, एक पवनीच्या सार्वजनिक वाचनालयात आणि एक आपल्यापैकी कोणाच्या तरी घरी. दप्तर एकाच ठिकाणी ठेवू नये, हा माझ्या नोकरीतला धडा आहे.

आणि ज्यांचे गुडघे अजून शाबूत आहेत, त्यांच्यासाठी दुसरी सूचना. येत्या फाल्गुनात, होळीच्या आधीच्या एखाद्या रविवारी, नातवंडांना घेऊन अंबागडला जाऊ. सकाळी लवकर चढावे, पिण्याचे पाणी घरूनच न्यावे, आणि विहिरीपाशी मुलांना राजाखान, रघूजी आणि इंग्रज यांच्याविषयी सांगून झाले की शेवटी त्या मित्राचा प्रश्नही सांगावा. गाडीचे भाडे ज्याला जमेल त्याने भरावे, ज्याला जमणार नाही त्याला ते कळूही नये. ही रीत आपल्याला आपल्या गुरुजनांनीच घालून दिली आहे.